चाकावरचे बिऱ्हाड

वाचकहो, मोटारीतले घर तुम्ही पाहिले आहे का? दिवसा बसायचे बाक, रात्री त्यांचाच पलंग, कोपऱ्यात शेगडी आणि पाण्याची टाकी. अशा कॅराव्हॅन गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मंजूर केले. गेल्या दिवाळीनंतर तशी एक गाडी भाड्याने घेऊन आम्ही सहकुटुंब तळोज्याहून निघालो.

कारखान्यांची धुराडी मागे पडली. कल्याण, मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाट चढलो. गवत पिवळे पडू लागले होते. डावीकडे हरिश्चंद्रगडाचे डोंगर उभे. माकडे गाडीजवळ आली, पण आम्ही त्यांना काही दिले नाही. खाऊ घालून आपणच त्यांना रस्त्यावर आणतो.

पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी पाहून ओतूरच्या पुढे एका शेतकऱ्याच्या खळ्यावर मुक्काम केला. सभोवार ऊस. तो म्हणाला, "साहेब, अंधार पडला की दार लावून घ्या. बिबट्या फिरतो."

शेजारच्या रिकाम्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. धनगर मंडळी कोकणात उतरायला निघालेली. मेंढ्यांभोवती जाळीची वाघर होती. लेकरांवर मात्र उघडे आभाळ. आमचे बिऱ्हाड चाकावर, त्यांचे घोड्यावर. फरक काय तो एका दाराचा! सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा धनगरीण म्हणाली, "ताई, मेंढरं सोडून आम्ही कुठं जावं?" ते ऐकून शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईने घराची पडवी उघडली. "तुम्ही मेंढरं राखा, लेकरं इथं निजू द्या," म्हणाली.

बिबट्या उसात का राहतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. ऊस वर्षभर उभा असतो. त्यात गारवा आहे, लपण आहे आणि जवळच वस्तीवरची कुत्री, शेळ्या आहेत. मादी तेथेच पिले घालते. तोडणीत पिले दिसली तर हात लावू नका, वन खात्याला कळवा. बहुधा आई येऊन त्यांना घेऊन जाते. सापडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्रही आहे. शेळ्यांचा गोठा चहूबाजूंनी आणि वरूनही बंद ठेवा. रात्री पाणी द्यायला एकट्याने जाऊ नका. बॅटरी घ्या, मोठ्याने बोलत चला.

आणि मेंढ्या बसवाल तेव्हा लेंडीखताचा हिशेब जरूर करा. पण त्या रात्रीपुरती लेकरांना दाराआड जागा द्या. त्याला पैसा लागत नाही.