उत्पन्नाचा रकाना

आमच्या धाकट्या भगिनीस सातारा जिल्ह्यांत महामार्गावर एका मालमोटारीनें चिरडलें. नुकसानभरपाईचा दावा मात्र सांगलीच्या न्यायाधिकरणापुढें गेला. वाचकांस हें चमत्कारिक वाटेल. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें अपघात जेथें घडला तेथें, किंवा अर्जदार जेथें राहतो तेथें, दाद मागण्याची मुभा ठेविली आहे. मेहुणे सांगलीचे, म्हणून सांगली. पंचनाम्याच्या नकला घेऊन साताऱ्याहून तारखांस जाण्याचें काम आम्ही पत्करलें. १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्यांत पति, पत्नी, आईबाप व अपत्यें यांचाच विचार आहे. बंधूचें त्यांत नांवहि नाहीं!

अर्ज भरतांना वकिलांनीं विचारलें, "बाईंचें मासिक उत्पन्न?"

मेहुण्यांनीं आमच्याकडे पाहिलें. जिनें पहाटे पांचापासून घरदार ओढलें, अंथरुणास खिळलेल्या सासूचें सारें कांहीं केलें, तिचें उत्पन्न काय सांगावें? "कांहीं नाहीं," असें म्हणून त्यांनीं मान खालीं घातली. बाहेर आल्यावर तर ते म्हणाले, "दादा, हिच्या मरणाचा पैसा मला घरांत नको." हा पैसा मरणाचा नव्हे, तिनें कधीं न मागितलेल्या मजुरीचा आहे, असें आम्हीं त्यांस परोपरीनें सांगितलें. त्यांस तें पटलें असें नाहीं. पण आईच्या शुश्रूषेस बाई ठेवावी लागली होती, आणि तिचा पगार दरमहा द्यावा लागत होता.

कायद्याचें गणित सरळ आहे. उत्पन्नांतून मृताचा स्वतःचा खर्च वजा करावा, आणि बाकीस वयाप्रमाणें ठरलेल्या अंकानें गुणावें. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं सरला वर्मा खटल्यांत हे अंक पक्के केले: पंचविशीपर्यंत १८, सेहेचाळीस ते पन्नासपर्यंत १३. शून्यास तेरानें गुणिलें तर काय येणार? तरी न्यायासनाला ही अडचण पूर्वींच दिसली होती. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीसंबंधींच्या लता वाधवा खटल्यांत, २००१ सालीं, गृहिणीच्या सेवेचें मोल महिना ३,००० रुपये धरलें गेलें. पुढें २०१० सालीं न्यायमूर्ति गांगुली यांनीं, २००१ च्या जनगणनेनें गृहिणींस भिकारी व कैदी यांच्या पंक्तीस बसविल्याबद्दल कडक शब्दांत नापसंती दर्शविली. आम्ही उभा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविला. पण त्या कोरड्या निकालपत्राइतकें हृदयाला भिडणारें गद्य थोडेंच वाचलें असेल.

उलटतपासणींत विमा कंपनीच्या वकिलांनीं विचारलें, "घरकाम तर मोलकरीणहि करते ना?"

"करते," मेहुणे म्हणाले. "पण आई तिच्या हातून जेवत नाहीं."

निकाल लागला. तिच्या नांवापुढें उत्पन्नाचा आंकडा आयुष्यांत प्रथमच उमटला. नकल हातीं घेऊन मेहुणे बराच वेळ एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. मग त्यांनीं विचारलें, "दादा, तेराच कां? संसाराला तर आमच्या सव्वीस वर्षें झालीं होतीं."