फिरतीची बुलेट

जळगावच्या माणसाला परगावी कुणी त्याचे गाव विचारले तर तो सोन्याचे, केळीचे नाहीतर भरताच्या वांग्यांचे नाव घेतो. आम्ही मेहरूणकर मात्र बोरांचे नाव घेतो. पौष-माघात ढिगाशी उभे राहून एक बोर तोंडात टाकायचे आणि मगच भाव विचारायचा, ही इथली रीत. मेहरूण एके काळी जळगावशेजारचे खेडे होते. आता ते शहराच्या पोटात गेले आहे. तलाव आहे, विसर्जनाची गर्दी आहे, पहाटे फिरायला येणारी पोक्त मंडळी आहेत; बोरी मात्र कॉलन्यांनी बऱ्याचशा खाल्ल्या. आमच्या परसात एक उरली आहे, आणि तिच्या सावलीला पत्र्याच्या पडवीत, गोणपाटाखाली, नानांची बुलेट अकरा वर्षे उभी होती.

नाना म्हणजे माझे वडील. एका बियाणे कंपनीत त्यांची फिरतीची नोकरी. रावेर-यावलच्या केळीबागा, चोपडा, पारोळा, थेट धुळ्यापर्यंत त्यांचा मुलूख. १९६९ साली घेतलेल्या त्या गाडीवर त्यांनी तो सारा पालथा घातला. सोमवारी पहाटे गाडी निघे आणि शनिवारी दिवेलागणीला तिचा धुडधुड आवाज तलावाच्या वळणावरून ऐकू येई. आई त्या गाडीला सवत म्हणे. थट्टेने म्हणे, असे मला लहानपणी वाटत असे.

नाना गेले. मी पुण्यात, धाकटा नाशकात. गाडी विकून टाकावी असा आम्हा भावांचा विचार ठरला. एक गिऱ्हाईकही चालून आले. आईने चहा दिला, गाडी दाखवली आणि शांतपणे सांगितले, "गाडी इकायची नाही." सवतीची ही माया आम्हाला कळेना. मग गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी गोणपाट ओढून काढले. गंजलेली चाके, उंदरांनी कुरतडलेली सीट, टाकीत तपकिरी चिखल. मोटारसायकलीचे मला काय ज्ञान? आयुष्यभर मी कचेरीत कागद हलवले. पण महिन्यातून दोनदा महाराष्ट्र एक्सप्रेसने यायचे आणि पडवीत बसायचे, असा क्रम सुरू झाला.

या गाडीचे कूळ थोडे सांगितले पाहिजे. बुलेट मूळची विलायती. आपल्या लष्कराला सरहद्दीवर फिरायला दणकट गाड्या हव्या होत्या, त्यातून तिची मागणी वाढली आणि १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया निघाली. आधी सुटे भाग तिकडून यायचे, इथे जोडायचे. पुढे सारेच भाग इथे होऊ लागले. तिकडचा मूळ धंदा १९७० च्या सुमारास बसला, पण मद्रासेतली लेक नांदतच राहिली. इंजिन ३४६ सीसीचे. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर, पण त्याची वरखाली धाव ९० मिलिमीटर. लांब ढांगा टाकणाऱ्या माणसासारखे ते सावकाश चालते, धापा टाकत नाही. नानांच्या बैलगाडीच्या वाटांना असेच इंजिन हवे होते. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला; आजच्या पोरांना ती गाडी उलटी वाटते.

सिलिंडर घासून गेला होता. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने बोअर करून दिला आणि वाढीव साइझचा पिस्टन बसवला. टाकी आतून धुवायला तीन रविवार लागले. पेट्रोलच्या नळ्या मात्र मी दोनदा बदलल्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या धाटणीच्या रबराला फुगवते. उसाने आमच्या गाडीतही शिरकाव करावा, ही गंमतच. रंगाचे म्हणाल तर टाकीवर गुडघे घासून जिथे नानांनी पत्रा उघडा पाडला होता, तेवढी जागा मी तशीच ठेवली. रंगाऱ्याला ते पटले नाही. त्याने शेवटपर्यंत मला चिक्कू समजून पाहिले.

मार्गशीर्षात सगळे जुळले आणि मी पहिली किक मारली. गाडीने ती परत केली! ठिणगी वेळेआधी पडली की पिस्टन उलटा फिरतो आणि किकचा दांडा नडगीवर येतो, हे मला नंतर कळले. त्या क्षणी फक्त तारे दिसले. शेजारच्या ओट्यावरची पोरे हसली. आई पदर खोचून बाहेर आली.

"पाय मोडून घेशीन! इतका जोर कशाला? तिला आधी विचार तं खरं."

तिने मला बाजूला केले आणि चिमणीसारखी मान वाकडी करून दिव्यावरच्या ॲमीटरकडे पाहिले. चावी फिरवून किक हळूहळू हाताने दाबायची. काटा मध्यावर आला की थांबायचे. डाव्या हाताची डिकॉम्प्रेशनची कळ ओढून किंचित पुढे सरकायचे. कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब किक. पण त्याआधी तिने पॉइंटचे झाकण उघडायला लावले, एक पातळ कागद मागितला आणि पॉइंटच्या फटीत धरून, कागद कुठे सुटतो ते मला पाहायला सांगितले. मग टॅपेट. "सळी बोटानं गरगर फिरली पाह्यजे, पन वरखाली हलली नाही पाह्यजे. थंड इंजिनावर पाहायचं, तापल्यावर नाही."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. चौथी शिकलेली ही बाई. तीस-पस्तीस वर्षे दर रविवारी नाना याच पडवीत बसत आणि ही हातात बॅटरी धरून उजेड दाखवत उभी असे. आठवड्यात तिच्या वाट्याला नवरा यायचा तो एवढाच. आम्ही पोरे तेव्हा तलावावर हुंदडत असू.

गाडी तिसऱ्या दिवशी सुरू झाली. आवाज ऐकून आई आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता कागदपत्रांचा प्रश्न आला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरपाटीवर मान मिळतो. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यावी, रोजच्या रस्त्यावर नाही. एका दलालाने मला हाच मार्ग सुचवला. भाव वाढेल म्हणाला. मी आईला समजावून सांगितले. तिने विचारले, "म्हणजे अजिंठ्याला जाता येनार नाही?"

तेव्हा उलगडले. अजिंठा आमच्यापासून साठ किलोमीटरवर. नाना त्या पहूरच्या रस्त्याने कितीदा गेले असतील. लग्नाच्या साली आईला म्हणाले होते, तुला लेणी दाखवीन. पुढे फिरती, पोरे, आजारपणे. जगभरची माणसे विमानाने येऊन जी लेणी पाहतात ती या बाईने पंच्याहत्तरीपर्यंत पाहिली नव्हती, आणि ते कधी बोलूनही दाखवले नव्हते. मी गाडीची साधीच फेरनोंदणी केली. ही कागदांची वाट अजिंठ्याच्या वाटेहून लांब निघाली, पण ते असो.

माघात एका मंगळवारी निघालो; सोमवारी लेणी बंद असतात. आई एका बाजूला पाय सोडून बसली, डोक्याला हेल्मेट, खांद्याला बोरांची पिशवी. कपाशी वेचून झालेली रिकामी रानं, मधूनच हरभरा. चाळीसच्या वर वेग नेला की ती पाठीत बोट खुपशी. नेरीला उतरून पाय मोकळे केले, पहूरला चहा घेतला. तिथे एक म्हातारा गाडीजवळ आला, टाकीवरच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि म्हणाला, "ही बियाणेवाल्या नानांची ना?" आईने त्याला मूठभर बोरे दिली.

फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या ठेवाव्या लागतात. पुढची चारेक किलोमीटरची वाट सरकारी बसने, चित्रांना धुराचा त्रास नको म्हणून. मी गाडी सावलीत लावली, तिकिटे काढली. बस सुटायच्या बेतात होती. आई पायरीवर एक पाय ठेवून थबकली, मागे वळली आणि विचारले, "पेट्रोलचा कॉक बंद केला का रे?"

केला नव्हता. मी परत धावलो.