सुदेकची खिडकी

पुनर्जन्म, नवजीवन, नवी पालवी असा विषय घेऊन मांडलेली छायाचित्रांची प्रदर्शनं मी बरीच पाहिली आहेत. भिंतीवर काय असणार याचा अंदाज दारातच येतो. भेगाळलेल्या जमिनीतून वर आलेला कोंब, कोषातून अर्धवट बाहेर पडलेलं फुलपाखरू, पाण्यातून डोकं वर काढणारी पांढऱ्या वस्त्रातली स्त्री, आणि एखादं अंडं. प्रकाश नेटका, छपाई देखणी. तरी बाहेर चहाच्या टपरीवर येईपर्यंत त्यातलं एकही चित्र सोबत राहत नाही. त्या चित्रांत मरण कुठेच नसतं, हे त्याचं कारण असावं. जे मेलंच नाही ते पुन्हा जन्मणार कसं?

काही छायाचित्रं मात्र वर्षानुवर्षं पाठ सोडत नाहीत. माझ्यापुरती ती एका खिडकीची आहेत. प्रागच्या माला स्त्राना भागात, उयेज्द रस्त्यावरच्या इमारतींमागे अंगणात एक लाकडी खोली होती, शेड म्हणावी इतपतच. योसेफ सुदेक हा झेक छायाचित्रकार १९२७ पासून तिथे स्टुडिओ थाटून होता. खोलीला खिडकी, खिडकीबाहेर सफरचंदाचं एक वाकडंतिकडं झाड. १९४० ते १९५४ या वर्षांत सुदेकने ही खिडकी पुन्हा पुन्हा टिपली.

त्यातलं एखादं चित्र जवळून पाहावं. आतल्या उबेने काच धुरकटलेली. थेंब जड होऊन खाली ओघळलेले, आणि ओघळांनी पुसून काढलेल्या अरुंद पट्ट्यांमधून झाडाचा बुंधा दिसतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. खाली चौकटीशी एखादा पेला, पेल्यात एखादं फूल. काळा पुरता काळा नाही, पांढरा कुठेच लख्ख नाही. सगळा कारभार करड्याच्या नाना छटांमध्ये चाललेला. दुसऱ्या एका चित्रात काच तीच, पण तिच्यावर गोठलेल्या दवाची नक्षी, आणि झाडाची नुसती सावली उरलेली. आणखी एकात काच बरीचशी स्वच्छ आणि फांद्यांवर पांढरे ठिपके. ते बर्फ की बहर, हे ठरवायला क्षणभर थांबावं लागतं. मला वाटतं, सुदेकला आपण थांबायलाच हवे असतो.

सुदेक कोलीन गावचा, जन्म १८९६ चा. वडील घरं रंगवायचं काम करत. हा अगदी लहान असतानाच ते गेले. पुढे पोराला पुस्तकबांधणीच्या धंद्यात घातलं. हा दोन हातांचा धंदा. एका हाताने जुडी दाबून धरायची, दुसऱ्याने दोरा ओवायचा. मग पहिलं महायुद्ध आलं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात भरती होऊन सुदेक इटलीच्या आघाडीवर गेला, उजव्या हाताला जखम झाली, आणि अखेर तो हात खांद्यापासून काढावा लागला. पुढची काही वर्षं इस्पितळांत आणि प्रागच्या इन्व्हालिदोव्हनात, म्हणजे जखमी सैनिकांच्या आश्रमात गेली. सरकारी पेन्शन मिळालं. कचेरीतली एखादी बैठी नोकरीही मिळाली असती. छायाचित्रणाचा नाद आधीपासून होता, त्याचंच त्याने रीतसर शिक्षण घेतलं.

मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचा दुसरा जन्म झाला असं आपण सहज म्हणून जातो. नारळ फोडतो, पेढे वाटतो, आणि त्या माणसाला त्याच्या पुढच्या आयुष्यात एकटं सोडून आपापल्या घरी जातो. खरी गोष्ट तर तिथून सुरू होते. दुसऱ्या जन्मातही सकाळी उठून सदऱ्याची बटणं लावायची असतातच, आणि ती आता एकाच हाताने.

१९२६ मध्ये झेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदातल्या मित्रांबरोबर सुदेक इटलीला गेला. तिथे एका संध्याकाळी ऐन कार्यक्रमातून तो उठला आणि अंधारात चालू लागला. पहाटेपर्यंत शोधत शोधत तो त्या जागी पोचला, जिथे त्याचा हात गेला होता. शेतावरचं ते घर तसंच उभं होतं; जखमी झाला त्या दिवशी त्याला तिथेच आणून टाकलं होतं. हात अर्थातच नव्हता. पुढे दोनेक महिने तो कुणालाच सापडला नाही. परतल्यावर मात्र पुन्हा असल्या प्रवासाला जायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि उरलेलं आयुष्य प्राग आणि आसपासच्या मुलखातच काढलं. ही हकिगत त्याने म्हातारपणी स्वतःच सांगितली. वेडेपणाच हा, पण गेलेली वस्तू जिथे गेली तिथे एकदा जाऊन पाहिल्याशिवाय माणसाची खात्री पटत नाही, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक नाही? घर विकल्यानंतर त्या गल्लीतून उगाच चक्कर मारणारी माणसं मी पाहिली आहेत. चक्कर मारून झाली की ती नव्या घरात पडदे लावायला घेतात.

सुदेकने याच सुमारास, १९२४ ते १९२८ मध्ये, प्रागच्या सेंट व्हीटस कॅथीड्रलची छायाचित्रं काढली. १३४४ साली पायाभरणी झालेलं हे देऊळ शतकानुशतकं अर्धवट पडून होतं. ते पुरं झालं १९२९ मध्ये. म्हणजे सुदेक तिथे होता तेव्हा आत बांधकाम चालू होतं. दुसऱ्या कुणी पसारा हलवायला सांगितला असता किंवा कॅमेरा वर, कमानींकडे वळवला असता. सुदेकने फळ्या, ढकलगाड्या, दोरखंड, घडवायचे दगड सगळं तसंच राहू दिलं आणि उंच खिडक्यांतून तिरपा येणारा उजेड त्या राड्यारोड्यावर पडू दिला. चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेला दहा वर्षं झाली त्या १९२८ मध्ये यातल्या १५ चित्रांचा संच प्रसिद्ध झाला. नव्या राष्ट्राच्या वाढदिवसाला सुदेकने दिलं काय, तर चालू कामाची धूळ. मला तो संच फार प्रामाणिक वाटतो. काहीतरी नव्याने उभं राहत असतं तेव्हा ते असंच दिसतं, पसाऱ्यासारखं. पालवी नंतर येते.

मग १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. मोठा लाकडी कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन शहरात हिंडणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं. सुदेक घरात बसला आणि त्याला खिडकी दिसली. ती आधीही तिथेच होती. पुढच्या वर्षी, १९४० मध्ये, आणखी एक गोष्ट घडली. १९०० च्या सुमाराचं एक जुनं छायाचित्र त्याच्या पाहण्यात आलं. फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या एका पुतळ्याचं ते चित्र कॉन्टॅक्ट प्रिंट होतं. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची, वरून काच दाबायची, उजेड दाखवायचा. निगेटिव्ह जेवढी तेवढंच चित्र. या पद्धतीत मोठं करून दाखवण्याची सोय नाही, पण दगडाचा कण न् कण उतरतो. सुदेकने त्यानंतर एन्लार्जिंग सोडून दिलं. सगळं जग छोट्या, चपळ कॅमेऱ्यांकडे धावत असताना हा एका हाताचा माणूस जुन्या, अवजड कॅमेऱ्यांकडे परत गेला. फिल्म भरताना जिथे दुसरा हात लागे तिथे दात वापरायचा.

नवं होण्यासाठी जुन्याकडे जावं लागतं, असा नियम मी यातून काढणार नाही. पण सुदेकने ज्याची निवड केली ते पाहण्यासारखं आहे. वेग कमी केला, चित्रांचा आकार कमी केला, हिंडण्याची हद्द कमी केली. इतकी काटछाट करून चौदा वर्षं एकच खिडकी पाहिली, आणि त्या खिडकीत दोनदा तेच दिसलं नाही. महायुद्ध संपलं, १९४८ मध्ये कम्युनिस्टांची राजवट आली, काचेबाहेरचं झाड आपल्या वेळेवर झडत आणि फुटत राहिलं. प्रदर्शनांतून नेहमी भेटणारं ते अंडंही सुदेककडे आहे. पण ते न्याहारीच्या ताटलीतलं अंडं आहे; शेजारी पाव असावा, पाण्याचा पेला असावा. कशाचंही प्रतीक होण्याची घाई त्याला नाही, म्हणून ते डोळ्यांत भरतं.

युद्धानंतर या खोलीत सोन्या बुलाटी नावाची तरुण मुलगी मदतनीस म्हणून आली. प्रागचीच, ज्यू. छळछावण्यांतून जिवंत सुटून गावी परतली तेव्हा घरचं कुणी उरलेलं नव्हतं. एक हात गमावलेला माणूस आणि घरदार गमावलेली मुलगी, दोघं मिळून जड सामान खांद्यावर टाकून छायाचित्रं काढायला निघत. पुढे ती न्यूयॉर्कला गेली, स्वतः नावाजलेली छायाचित्रकार झाली आणि १९७८ मध्ये तिने सुदेकवर पुस्तक काढलं. तिने सांगितलेला एक प्रसंग मला या सगळ्या विषयाचं सार वाटतो. सेंट व्हीटसच्या मनोऱ्यांखालच्या एका जुन्या, अंधाऱ्या दालनात दोघांनी कॅमेरा लावला आणि जमिनीवर गप्पा मारत बसले. तेवढ्यात अंधारात उन्हाची एक तिरीप शिरली. सुदेक विजेसारखा उठला. दोघंही कापडं फडकावून शतकांची धूळ उडवू लागले, कारण धूळ उडाल्याशिवाय उजेड दिसत नाही.

शास्त्राने पाहिलं तरी यात चूक काही नाही. स्वच्छ हवेतून जाणारा किरण बाजूने दिसत नाही. तो धुळीच्या कणांवर आपटून आपल्या डोळ्यांकडे वळावा लागतो. आपण मात्र नव्याची सुरुवात म्हणून आधी धूळ झाडायला घेतो. पाडव्याला, दिवाळीला ते ठीकच आहे. पण आतल्या खोल्यांबाबत इतकी साफसफाई बरी नव्हे. त्या दालनात ती मुलगी फडकं हलवत होती तेव्हा तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. मला इतकंच दिसतं की त्या काळात युरोपभर धुळीला तोटा नव्हता, आणि ती तिच्यात हात घालायला घाबरली नाही.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर शेवगा आहे. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांद्या मोडतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्याची छाटणी होते. छाटणी कसली, नुसता खुंट उरतो. सुदेकचं पुस्तक घरात आल्यापासून मी मोबाइलवर अधूनमधून त्या खुंटाचा फोटो काढते, एकाच जागेवरून. सगळे फोटो ओळीने पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कुऱ्हाड बसलेली गोल जागा काही भरून येत नाही. ती सुकते, काळी पडते, तशीच राहते. नवे धुमारे फुटतात ते तिच्या कडेने, जरा खालून, सालीतून. महिन्याभरात त्या धुमाऱ्यांना एवढी पानं येतात की काळी चकती दिसेनाशी होते. खालून पाहणाऱ्याला वाटतं झाड पुन्हा पहिल्यासारखं झालं. वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्याला ती चकती दिसत राहते.

सुदेकच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक मिओन्शीच्या जंगलातलं आहे. यानाचेक हा त्याचा लाडका संगीतकार. त्याचं हुक्वाल्दी गाव बेस्किदी डोंगरांत आहे. या मुलखाच्या ओढीने सुदेक जात राहिला आणि तिथलं मिओन्शी हे फर आणि बीचचं राखीव रान त्याला सापडलं. अशा रानात पडलेलं झाड कुणी उचलत नाही. वठलेले बुंधे उभे राहतात, कोसळतात, त्यांच्यावर शेवाळ धरतं, बुरशी येते, आणि त्याच कुजलेल्या लाकडात नवी रोपं मुळं धरतात. सुदेकने छायाचित्रं काढली ती मुख्यतः त्या वठलेल्या बुंध्यांची. मालिकेचं नाव ठेवलं ‘हरवलेले पुतळे’. फांद्या गेलेली ती खोडं पाहताना एका बाजूचा हात नसलेला माणूस आठवणारच. सुदेकला तसं म्हणावं लागत नाही. मेलेल्या खोडाभोवती रान दाटून उभं असतं, आणि खोड लपवलेलं नसतं.

सुदेक १९७६ मध्ये गेला. ती लाकडी खोली १९८५ मध्ये आगीत गेली. पुढे त्याच अंगणात तशीच खोली पुन्हा बांधण्यात आली आणि आता तिथे छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात, दुसऱ्यांची, आजची. खिडकी नवी आहे, लाकूड नवं आहे. ती सुदेकची खोली नव्हे असं कुणी म्हणालं तर ते खरंच आहे. तरी मला ही व्यवस्था पटते. त्याच्या वस्तू काचेआड ठेवून तिकीट लावण्यापेक्षा त्या जागेत नव्या माणसांनी काम मांडावं, हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. प्रागला जाणं झालं तर पर्यटकांची गर्दी टाळून उयेज्द रस्त्यावरच्या त्या अंगणात जरूर जा. नाही जमलं तर घरचीच एक खिडकी निवडा आणि वर्षभर तिचेच फोटो काढा. काच मात्र पुसू नका.