पिवळ्या रंगाचा हट्ट

खोकल्यामुळे बरेच दिवस घरात काढले. काल कोडोलीजवळच्या एका गुऱ्हाळावर जाऊन बसलो. काहिलीत रस उकळत होता. भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर आली, ती काढून झाली. मग गुळव्यांनी डब्यातली मूठभर पांढरी भुकटी टाकली आणि तपकिरी रस बघता बघता उजळला. नाकात गंधकाची झणझण.

ती भुकटी म्हणजे हायड्रॉस, सोडियम डायथायोनाइट. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढायला आम्ही तीच वापरायचो. लालभडक द्रावण जांभळट व्हायचं. तिच्यातले दोन गंधक अणू एकमेकांना २.३९ अँगस्ट्रॉमवरून धरून असतात, एरवी हे अंतर २.०५ च्या आसपास. इतका ताणलेला बंध सहज तुटतो, तुकडे इलेक्ट्रॉन देत सुटतात आणि रंगाचे रेणू फिके पडतात. फार हळवा पदार्थ. दमट हवेत डबा उघडा राहिला तर तापतो, पेटूही शकतो.

मला तिचा राग येत नाही. वाईट वाटतं ते पिवळ्या रंगाच्या हट्टाचं. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला कोल्हापुरी गूळ, आणि भाव ठरतो रंगावर! तो रंग टिकतही नाही. साठवणीत हवा लागली की गूळ पुन्हा काळवंडतो.

शेवटी गुळव्यांना विचारलंच, "मामा, भुकटी न टाकता गुळाचा एक रवा कराल का?"

"गिऱ्हाईक आणा, करतो की."

आता गल्लीतल्या चार घरांना विचारून बघणार आहे.