बी धरताना

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा महाराष्ट्रात रब्बीची सुगी चालू होती. बी धरणाऱ्यांसाठी हे वर्षातले सगळ्यात जोखमीचे दिवस. उभ्या ज्वारीतून हिंडायचं, बांधाकडची ताटं सोडून द्यायची, कारण तिथे शेजारच्या वाणाचा पराग येऊन गेलेला असू शकतो. मधल्या पट्ट्यातली निरोगी, सारख्या उंचीची, एकाच सुमारास निसवलेली ताटं हेरून त्यांना दोरा बांधायचा, आणि मळणीच्या आधी त्यांची कणसं वेगळी काढायची. नेमकी मोठी तेवढीच कणसं उचलायची नाहीत, नाहीतर वाणातली विविधता आपल्याच हाताने आटते. हे काम चार-आठ दिवसांत करावं लागतं, नाहीतर वर्ष गेलं. सगळं जग घरात कोंडलं गेलं होतं, टीव्हीवर रोज मेलेल्यांचे आकडे येत होते आणि ‘या सगळ्यात आपण काय कामाचे?’ हा प्रश्न पुष्कळांना पोखरत होता, त्याच दिवसांत हे काम नेहमीसारखं करावंच लागत होतं. संकटाच्या काळात जगण्याचं प्रयोजन कुठून येतं, याचं एक उत्तर या कामात आहे असं मला वाटतं. ते संकटाकडे टक लावून बघण्यातून येत नाही. संकटाच्या आधीपासून हातात असलेलं आणि संकट सरल्यावरही कुणाला तरी लागणार असलेलं काम रीतसर करत राहण्यातून ते येतं. ते एकट्याच्या मनोबळावर टिकतही नाही.

या म्हणण्याला माझ्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो लेनिनग्राडचा. निकोलाय वाविलोव या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अफगाणिस्तान, इथिओपिया, जपान, मेक्सिको, अँडीज पर्वत असे पाच खंड पालथे घालून पिकांचे वाण गोळा केले. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या सेंट आयझॅक चौकातल्या त्याच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने होते; जगात तेव्हा इतका मोठा संग्रह दुसरा नव्हता. ऑगस्ट १९४० मध्ये खुद्द वाविलोवला स्टालिनच्या पोलिसांनी अटक केली. वर्षभरानंतर, सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला आणि तो जानेवारी १९४४ पर्यंत पुरता उठला नाही. हर्मिटेज संग्रहालयातल्या चित्रांना आणि शिल्पांना वेळेवर आगगाड्या मिळाल्या होत्या. बियाणं बहुतांशी तिथेच राहिलं, आणि त्याच्यासोबत ते सांभाळणारे मूठभर लोक राहिले. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शहरातल्या बहुतेकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पावातही पुरतं पीठ नव्हतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. आत खोल्याखोल्यांतून भात, गहू, मका, वाटाणा, भुईमूग पाकिटांत आणि डब्यांत भरून ठेवलेला.

भाताचा तज्ज्ञ दिमित्री इवानोव भुकेने मेला, तेव्हा त्याच्या ताब्यात भाताची हजारो पाकिटं होती. भुईमुगाचा तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन कामाच्या टेबलाशीच गेला. ओटची तज्ज्ञ लिडिया रोडिना गेली, आणखीही अनेक जण गेले. बटाट्याच्या संग्रहावर पहारा देणारा वादिम लेख्नोविच जगला. पुढे त्याने जे सांगितलं त्याचा आशय असा, की त्या दिवसांत चालणं अवघड होतं, सकाळी उठणं अवघड होतं, हातपाय हलवणं अवघड होतं. संग्रह न खाणं मात्र अजिबात अवघड नव्हतं. पहिल्यांदा वाचताना हे वीराचं बोलणं वाटतं. बी धरणाऱ्याला त्यात वेगळं काही ऐकू येतं. ज्याच्या हातून वर्षानुवर्षं बियाणं गेलं आहे त्याच्या मनात बी आणि धान्य यांचे कप्पेच निराळे असतात. बियाण्याच्या मडक्यात राख आणि कडुनिंबाचा पाला कालवलेला असतो, तोंड शेणमातीने लिंपलेलं असतं. ते मडकं जेवणाच्या हिशेबात धरलेलंच नसतं. हा फरक भुकेच्या वेळी ठरवायला गेलं तर ठरत नाही, तो आधीच्या दहा-वीस सुगींनी ठरवून ठेवलेला असतो.

पण एवढ्यावर थांबलं तर ती संतकथा होईल, आणि संतकथेने कुणाला काम करता येत नाही. त्या इमारतीत कामाची रीत काय होती, हे मला जास्त मोलाचं वाटतं. खोल्यांना कुलपं होती. साठ्याच्या खोलीत कुणी एकट्याने जायचं नाही, असा नियम होता. पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या होत्या. उंदीर सुटले होते म्हणून नमुने पत्र्याच्या डब्यांत हलवले गेले. बटाटे गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून तळघर धगतं ठेवावं लागे. म्हणजे भुकेलेल्या माणसाच्या मनावर सगळा भार टाकलेलाच नव्हता. प्रत्येकाच्या शेजारी दुसरा कुणी तरी होता, आणि पुढच्या तासाला नेमकं काय करायचं हे ठरलेलं होतं. संकटात प्रयोजन हरवतं असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा हीच रीत मोडलेली असते. पाळी उरत नाही, जोडीदार उरत नाही, पुढच्या तासाचं काम उरत नाही; मग रिकाम्या मनासमोर अख्ख्या जगाचं संकट एकदम उभं राहतं, आणि तेवढं पेलणारं मन कुणाचंच नसतं.

यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप नीट ऐकून घ्यायला हवा. शहर उपाशी मरत असताना धान्य कुलपात ठेवणं ही माणुसकी आहे का? लेनिनग्राडच्या वेढ्यात कमीत कमी आठ लाख माणसं मेली असावीत असं मानलं जातं. तेव्हा हिशेब करून बघू. पहिल्या हिवाळ्यात शहरात पंचवीसेक लाख माणसं अडकलेली होती. माणशी १२५ ग्रॅम म्हटलं तरी दिवसाला तीनशे टनांहून जास्त लागतात. संस्थेतलं खाण्याजोगं बियाणं काही टनांच्या घरातलं. ते दहा टन धरलं तरी माणशी चार ग्रॅम, तेही एकदाच. शहर त्याने वाचलं नसतं. पण या हिशेबाने आक्षेप संपत नाही, कारण त्या इमारतीतली माणसं मात्र त्याच धान्यावर हिवाळा काढू शकली असती. तिथे माझ्याकडे हिशेब नाही. एवढंच म्हणता येतं की त्यांनी दुसऱ्याचा घास अडवून स्वतःचं पोट भरलं नाही. ज्या नियमाने बाहेरच्याला धान्य मिळालं नाही त्याच नियमाने त्यांनी स्वतःलाही दिलं नाही. त्याग दुसऱ्याकडून मागणारे संकटकाळी चिक्कार निघतात. या लोकांना त्यांच्यात बसवता येणार नाही.

आणि याचा अर्थ ज्यांनी बी खाल्लं ते कमी प्रतीचे, असा कुणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन आणि दुष्काळी कामांवर खडी फोडून माणसं जगली. अशा वर्षी ज्या घरात लेकरं होती आणि बियाण्याचं मडकंही होतं, त्या घराने मडकं फोडलं तर ते बरोबरच केलं. बियाणं शेवटी लेकरांसाठीच असतं. एकेकट्या घरावर बी राखण्याचा भार टाकला की दुष्काळात हेच होणार. म्हणून तर ते अनेकांकडे वाटलेलं असावं लागतं, एका गावाचं गेलं तर दुसऱ्या गावात मिळावं लागतं. तोवर ही साखळी विरळ होऊ लागलीही होती. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. तिने उत्पन्न वाढवलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित वाणाचं बी घरी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, त्यामुळे ते दरवर्षी दुकानातून आणावं लागतं. कणसं हेरण्याची सवय मोडली. नजरही हळूहळू गेली.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि मला तो पहिल्याहून जड वाटतो. ज्या राजवटीने वाविलोवला तुरुंगात टाकलं, तिच्याच संस्थेचा साठा हे लोक राखत होते. जानेवारी १९४३ मध्ये वाविलोव साराटोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. जगाची भूक भागवायला निघालेला माणूस भुकेने गेला. मग ही निष्ठा आंधळी नव्हती का? त्यांच्या निष्ठेचा पत्ता कुठला होता ते पाहिलं तर तसं म्हणवत नाही. अँडीजमधला बटाटा किंवा इथिओपियातला गहू कुठल्याही सरकारचा नव्हता. तो ज्या शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या निवडत आणला त्यांचा होता, आणि जे पुढे खाणार होते त्यांचा. राज्यकर्ते बदनाम असले म्हणून त्यांच्या छपराखाली सांभाळलेली चांगली वस्तू टाकून द्यायची, तर संकटात जपण्यासारखं काहीच उरणार नाही. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कामात बुडालेल्या माणसाला अन्यायाकडे पाठ फिरवायला ते काम सोयीचं पडतं. ही भीती खरी आहे. काम अन्यायाविरुद्ध बोलण्याची जागा घेत नाही, आणि ज्याला बोलता येतं त्याने बोललंच पाहिजे.

तिसरं असं विचारलं जातं, की हे सगळं नंतर यश आलं म्हणून मोठं वाटतं. संग्रह बॉम्बने जळाला असता तर? जळाला असता तर त्या माणसांचं मरण अधिक दुःखाचं झालं असतं, पण त्यांचं वागणं कमी शहाणं ठरलं नसतं. कुठलं बी उपयोगी पडेल हे बी धरणाऱ्याला कधीच माहीत नसतं. १९७० च्या सुमारास आशियातल्या भाताला खुरटवणाऱ्या एका विषाणूने ग्रासलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले, तेव्हा उत्तर प्रदेशातून आलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात प्रतिकारशक्ती सापडली. ती घेऊन १९७६ मध्ये ‘आयआर-३६’ हा वाण आला आणि तो आशियाभर कोट्यवधी लोकांच्या ताटात पोहोचला. ज्याने ते रानगवत गोळा करून पाकिटात भरलं त्याला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याने नोंद नीट केली, बी वाळवून ठेवलं, इतकंच. सीरियातलं युद्ध पेटल्यावर अलेप्पोजवळची आंतरराष्ट्रीय बियाणे पेढी सोडावी लागली; पण तिथल्या लोकांनी आधीच नमुन्यांच्या प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या तिजोरीत पाठवून ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये त्यातले सुमारे ३८ हजार नमुने परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले गेले, आणि २०१७ पासून ताजं बी पुन्हा तिजोरीत जाऊ लागलं. युद्ध थांबवणं त्या माणसांच्या हाती नव्हतं. प्रत पाठवणं होतं.

आता उरतो तो साधा प्रश्न. ज्याच्याकडे असा धंदा नाही त्याने काय करावं? प्रत्येकाने शेतात उतरावं असं मी म्हणणार नाही. पण वाचनालयाच्या जुन्या अंकांची बांधणी, गावच्या जन्ममृत्यूची नोंद, एखाद्या आजाऱ्याचं औषधपाणी, शाळा बंद असताना चार मुलांचं वाचन, यातल्या प्रत्येक कामाला बी धरण्याचेच गुण आहेत. त्याची वेळ ठरलेली असते, चूक झाली तर ती दिसते, आणि त्याचा लाभ घेणारा संकटाच्या पलीकडे उभा असतो. नुसत्या छंदात हे तिन्ही नसतं, म्हणून संकटात छंद फार काळ पुरत नाहीत.

बी नुसतं बंद करून ठेवलं तर मरतं. कांद्याचं बी वर्षभरातच कमजोर होतं, भुईमूग तर शेंगेतच ठेवावा लागतो. नाचणी तेवढी वर्षानुवर्षं दम धरते. म्हणून राखणं म्हणजे पेरत राहणं. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्येही १९४२ च्या वसंतानंतर संस्थेसमोरच्या सेंट आयझॅक चौकात कोबी लावला गेला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती वाण मडक्यात सांभाळल्याबद्दलच नाही; ते पेरून, वाढवून गावोगावच्या बायकांच्या हाती दिल्याबद्दल आहे. हवामान बदलाचं संकट महामारीसारखं दोन वर्षांत ओसरणारं नाही, आणि त्याच्यासमोरही एकट्या माणसाला हतबल वाटतंच. तेव्हा या पावसाळ्यात वाल, घेवडा, तूर, भेंडी, जे तुमच्याकडे लागत असेल त्यातल्या एका देशी वाणाचं बी धरा. परसात चार वेल असले तरी चालतील. चांगल्या झाडांच्या शेंगा वेलावरच वाळू द्या, पुढच्या पेरणीआधी थोडे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा, वाणाचं नाव आणि कुठून आणलं ते लिहून ठेवा. आणि निम्मं बी शेजारच्या घरी द्या.