हाक आणि ओ

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझी पुतणी कारवारहून शेवटच्या मोटारीने गावी येत होती. जोयडा तालुक्यातील आमच्या गावी थांब्यापासून घरापर्यंतची वाट रानाच्या कडेने जाते. अंधार पडलेला. कोणी अनोळखी इसम मागून येत आहे, असा तिला संशय आला. तिच्या मोबाईलमध्ये संकटसमयी उपयोगी पडणारे ॲप होते. चढणीवर, जेथे रेंज मिळते तेथे, तिने बटण दाबले. संदेश गेला तो थेट पुण्यास, तिच्या भावाकडे! त्याने मला हल्याळला कळविले. मी शेजारच्या काकांच्या जुन्या टेलिफोनवर घंटी वाजविली. आणि काका विजेरी घेऊन धावले. तोवर तो इसम आडवाटेने निघून गेला होता. काकांचे घर तेथून अवघ्या दोनशे पावलांवर!

"साद कित्याक घालूंक ना गो?" काकांनी विचारले.

"नुसत्या संशयावरून ओरडायची लाज वाटली," ती म्हणाली.

या उत्तराने मी अंतर्मुख झालो. तोपर्यंत अशा साधनांना मी शहरी खेळणी समजत होतो. परंतु जी हाक लाजेने गळ्यातच अडते, ती बोटाने मारता येते, हा काही लहानसहान गुण नव्हे.

२०१६ च्या नियमांनी प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये संकटाची कळ सक्तीची केली. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरला की ती चालते. ११२ ला केलेला फोन आपल्या कंपनीचा मनोरा नसला तरी दुसरीच्या मनोऱ्यावरून जाऊ शकतो. ॲपच्या संदेशाचा तसा भरवसा नाही. मनोराच नसेल, तर मात्र दोन्ही मुकेच. आणि हाक पोचली तरी पोलिसांची गाडी काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून वळणे घेत येणार! ११२ च्या ॲपमध्ये जवळपासच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांना बोलावण्याची सोय आहे. तिचे नावच मुळी 'शाउट', म्हणजे हाक. पण स्वयंसेवकच नसतील, तर ती कोणी ऐकावी?

कायद्याने हे फार पूर्वीच ओळखले आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५ स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही देहाचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास देते. जुन्या दंडसंहितेतही तो होताच. शेजाऱ्याने धावून येणे ही केवळ भलाई नव्हे. त्यामागे कायदा उभा आहे.

दुसऱ्या दिवशी आरती आटोपल्यावर देवळाच्या चौकात आम्ही चारदोन घरची माणसे बसलो. पुतणीच्या फोनमध्ये पुण्याच्या भावाआधी काकांचा आकडा घातला. वाटेवर रेंज कोठे मिळते, कोठे जाते, हे दिवसाउजेडी चालून पाहिले. आणि मुलींना एवढेच सांगितले, की संशय खोटा ठरला तरी कोणी हसणार नाही.

यंत्र हाक दूरवर नेते, हे खरेच. ओ मात्र जवळूनच यावी लागते.