वाट्याला आलेली सेवा

गारगोटी, ता. भुदरगड
खंडेनवमी

चि. भाचीस,


वाट्याला आलेले काम मन लावून, लबाडी न करता आणि देवाचे उपकार स्मरून करणे ही देवाची सेवाच होय, असे मराठी भक्तिपरंपरा सातशे वर्षांहून अधिक काळ सांगत आली आहे. या विचारात देवळाच्या गाभाऱ्यातले काम थोर आणि शेतातले, दुकानातले किंवा दवाखान्यातले काम हलके ठरत नाही. काम कोणते यापेक्षा ते कोणत्या वृत्तीने केले, याला इथे महत्त्व आहे. या वृत्तीची दोन अंगे आहेत: निष्ठा आणि कृतज्ञता. निष्ठेमुळे काम चोख होते, तर कृतज्ञतेमुळे ते करणाऱ्याच्या मनात अहंकाराला जागा उरत नाही.

या विचाराचा शास्त्राधार गीतेत आहे. तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत स्वधर्माची चर्चा येते. स्वतःच्या कर्मानेच ईश्वराची पूजा करून माणूस सिद्धीला पोहोचतो, असा अठराव्या अध्यायाचा आशय आहे. 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि हा आशय मराठीत आला. ज्ञानेश्वरांनी माणसाच्या रोजच्या कर्मालाच पूजेच्या फुलांचा मान दिला. संस्कृत न येणाऱ्या शेतकऱ्याला, कारागिराला आणि बाईमाणसाला त्यामुळे एक मोठा दिलासा मिळाला. पूजेसाठी वेगळी सामग्री, वेगळा वेळ आणि वेगळा अधिकार लागतोच असे नाही, हे त्यांना स्वतःच्या भाषेत समजले.

पुढे विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. विनोबांनी त्यांत बाहेरचे कर्म आणि त्याला आतून मिळणारी मनाची जोड यांचा संबंध उलगडला. हात काम करतात आणि मन भलतीकडेच असते, तेव्हा ते काम ओझे होते. मनाची जोड मिळाली की त्याच कामाचा भार वाटेनासा होतो.

वारकरी संतांच्या चरित्रांत हा विचार माणसांच्या रूपाने दिसतो. सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे सावता माळी मळ्यात राबत राहिले. पंढरपूर फार लांब नसतानाही त्यांनी मळा हेच आपले पंढरपूर मानले, आणि विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला, अशी कथा आहे. 1295 मध्ये त्यांनी देह ठेवला. आषाढीला इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण सावतोबांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. कामावर राहिलेल्या भक्ताकडे देवाने जावे, ही कल्पना लोकांनी अशी प्रथा करून जपली आहे. जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट करीत. तिथे त्यांचे स्थान दासीचे होते. तरीही मराठी स्त्रीला स्वतःचे वाटेल असे भक्तिकाव्य त्या जात्यापाशीच निर्माण झाले.

तेरचे कुंभार संत गोरोबा काका यांची कथा मात्र सावधपणे वाचायला हवी. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचे तान्हे मूल पायाखाली आल्याचे त्यांना कळले नाही, असे ती सांगते. कथेत देवाच्या कृपेने मूल परत मिळते. कथेचा भर भक्तीच्या उत्कटतेवर आहे, पण तिच्यातून कामाविषयीही एक बोध घेता येतो: हातातल्या कामात दुसऱ्याचा जीव गुंतलेला असेल, तर त्या कामावरचे लक्ष हीच भक्ती. देवाच्या नावाने येणारी बेसावधता सेवेत बसत नाही.

भुदरगड तालुक्यात या विचाराचे सर्वांत ठळक उदाहरण आदमापुरात सापडते. संत बाळूमामांचा जन्म 1892 मध्ये चिकोडी तालुक्यातल्या अक्कोळ इथे एका धनगर कुटुंबात झाला. लहानपणी त्यांनी एका जैन व्यापाऱ्याच्या घरी चाकरी केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे त्यांनी मेंढरे राखली. लोक त्यांना संत मानू लागल्यावरही त्यांनी धोतर, फेटा, घोंगडे आणि काठी सोडली नाही, मठात गादीवर जाऊन बसले नाहीत. बकऱ्यांमागे गावोगाव फिरणे, लोकांच्या अडचणी ऐकणे आणि चुकणाऱ्याला फटकारणे हे सारे ते मेंढपाळ म्हणूनच करीत राहिले. 4 सप्टेंबर 1966 रोजी आदमापुरात त्यांनी देह ठेवला. तिथल्या समाधिमंदिरात आज दर अमावस्येला महाराष्ट्र आणि कर्नाटकातून गर्दी लोटते.

त्यांच्यामागे त्यांची बकरीही देवस्थानाची झाली. आज त्या मेंढ्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. बग्गा म्हणून ओळखले जाणारे त्यांचे कळप दोन्ही राज्यांच्या गावागावांतून फिरत असतात. प्रत्येक बग्ग्याबरोबर कारभारी आणि सेवेकरी असतात. पहाटे उठणे, बकरी चारायला नेणे, लंगड्या-आजारी जनावराला औषधपाणी करणे, कोकरे सांभाळणे, रात्री वाघरीच्या जाळीशेजारी जागणे, असा त्यांचा दिनक्रम असतो. ज्या गावात बकरी येतात, तिथला शेतकरी त्यांना आपल्या शेतात बसवतो आणि सेवेकऱ्यांच्या जेवणाची सोय करतो. बकरी बसल्याने रानाला लेंडीखत आणि मूत्र मिळते, हे त्याला ठाऊक असते. बाळूमामांची बकरी रानात बसली म्हणजे देव घरी आला, असेही तो मानतो. खत आणि आशीर्वाद हे त्याच्या हिशेबात दोन वेगळे रकाने नसतात.

या व्यवस्थेत कामांची वाटणी स्पष्ट आहे. कोणी बकरी राखतो, कोणी अन्नछत्रात भाकरी-आमटीचे बघतो, कोणी भंडारा लावतो, कोणी ढोल वाजवतो, कोणी ओव्या गातो. प्रत्येक जण स्वतःच्या कामापुरता देवाला उत्तर देणारा असतो. बकरी राखणाऱ्याला समाधीपुढे उभे राहायला फारसे मिळत नाही, म्हणून त्याची सेवा कमी भरत नाही.

निष्ठा कशात असते, हे या उदाहरणातून बारकाईने पाहता येते. पहिली खूण नियमितपणाची. जनावराला भूक रोज लागते, त्यामुळे मन लागले नाही तरी काम करावेच लागते. दुसरी खूण कोणी पाहत नसताना काम कसे होते ही. माळरानावर रात्री एखादे कोकरू मागे राहिले, तर ते शोधायला परत जायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे एकटा सेवेकरीच ठरवतो. तिसरी खूण मालकीची भावना न धरण्याची. बकरी देवाची, राखणारा नुसता राखणारा. कारकुनाच्या हातची कागदपत्रे, शिक्षकापुढची मुले, परिचारिकेच्या वॉर्डातले रुग्ण हेही असेच सांभाळायला दिलेले असतात.

वैद्यकसेवेतही या परिसरात असे एक उदाहरण आहे. डॉ. विल्यम वॉनलेस हे प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टर होते. त्यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. धर्म वेगळा, प्रार्थना वेगळी, पण रुग्णाची शुश्रूषा ही ईश्वराची आज्ञा पाळण्याची रीत, ही धारणा तीच. दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यांतून बैलगाडीने मिरजेला गेलेल्या रोग्यांना त्या धारणेचा लाभ झाला.

देवाचे नाव न घेता केलेले निष्ठेचे कामही या विचाराच्या जवळचे ठरते, हे गारगोटीतल्याच एका संस्थेच्या संस्थापकाकडे पाहून कळते. पाटगावचे मौनी महाराज हे शिवकालातले सत्पुरुष. दक्षिण दिग्विजयाआधी शिवाजी महाराजांनी त्यांचे आशीर्वाद घेतले, असे परंपरा सांगते. त्यांचेच नाव गारगोटीच्या श्री मौनी विद्यापीठाला आहे. या संस्थेचे संस्थापक जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. स्वातंत्र्यचळवळीतून ते ग्रामीण शिक्षणाकडे वळले. 1964 ते 1966 या काळात ते कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोग अध्यक्षांच्या नावाने ओळखला गेला आणि अहवालामागचे प्रचंड काम सचिवाने केले. नाईक यांची भाषा भक्तीची नव्हती, ती शिक्षणाच्या आणि समतेच्या आग्रहाची होती. पण पुढच्या खुर्चीचा सोस न धरता मागच्या खुर्चीतले काम पूर्ण करणे, ही निष्ठेचीच रीत आहे.

दुसरे अंग कृतज्ञतेचे. कोल्हापूरकडच्या घरांत ती रोजच्या आणि सणावारांच्या आचारांतून दिसते. जेवणाआधी देवापुढे नैवेद्य ठेवतात. नवे धान्य आले की पहिला वाटा देवाला जातो. बेंदराला बैलांना धुऊन, रंगवून, पुरणपोळी खाऊ घालतात आणि त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ, सुताराची किकरे, शिंप्याचे यंत्र, दुकानदाराचा तराजू, फाउंड्रीतले लेथ यांची पूजा होते. ज्या हत्यारांवर वर्षभर पोट चालले, त्यांच्यापुढे त्या दिवशी हात जोडले जातात. या सगळ्यांत एक समज आहे: पीक, पगार, कौशल्य यांतले बरेचसे आपल्या हाती नव्हते. पाऊस, जनावर, शिकवणारा उस्ताद, घर सांभाळणारी बाई या सर्वांच्या देण्यावर आपले काम उभे आहे.

अशी कृतज्ञता माणसाला तुलनेच्या जाचातून सोडवते. दुसऱ्याला मोठे काम मिळाले आणि आपल्याला लहान, ही खंत कामाची गोडी घालवते. मिळालेले काम हे देणे आहे असे मानणारा माणूस त्या कामाची उंची मोजत बसत नाही. कृतज्ञता आणि समाधान मात्र एकच नव्हेत. कृतज्ञ माणूस आपले काम सुधारण्याचा प्रयत्न सोडत नाही. मिळालेली देणगी वाया घालवणे हीही कृतघ्नताच, असे तो मानतो.

या विचाराचा गैरवापरही झाला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. वाट्याला आलेले काम देवाचे म्हणून करावे, या शिकवणीच्या आधारे जन्मावरून लादलेली कामे कायमची ठरवली गेली. चोखामेळ्यांची भक्ती कुणाहून कमी नव्हती, तरी त्यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून 1338 मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. पंढरीचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी 1902 मध्येच मागासवर्गीयांसाठी नोकरीतल्या 50 टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. जन्माने ठरलेले काम बदलण्याची वाट त्यांनी कायद्याने उघडली. काम पवित्र मानायचे असेल, तर ते निवडण्याचे आणि सोडण्याचे स्वातंत्र्य माणसाला असले पाहिजे. लादलेल्या कामाला देवाची सेवा म्हणणे हे लादणाऱ्याच्या सोयीचे असते.

आणखी दोन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. सेवाभावाच्या नावाखाली मजुरी बुडवणे किंवा हक्काची रजा नाकारणे याला भक्तीचा आधार नाही. कष्टाचा मोबदला मागणारा माणूस देवाशी कृतघ्न होत नाही. दुसरी मर्यादा अशी की अन्यायाचे काम निष्ठेने केले म्हणून सेवा ठरत नाही. खोटा हिशेब सुंदर अक्षरात लिहिला तरी तो खोटाच.

माणसाचे काम आयुष्यभर एकच राहत नाही. शेतकऱ्याचा मुलगा शिक्षक होतो, शिक्षक निवृत्त होतो, कर्ती बाई अंथरुणाला खिळते. काम बदलले तरी सेवा थांबत नाही, तिचे रूप बदलते. ज्याच्या हातून आता काही होत नाही, त्याने दुसऱ्याची शुश्रूषा कुरकुर न करता स्वीकारणे आणि करणाऱ्याला दोन गोड शब्द बोलणे, हेही त्या वयातले काम आहे. अनेकांना आयुष्यातले सर्वांत अवघड काम हेच वाटते. घेण्यातही कृतज्ञता लागते.

थोडक्यात, देवाची सेवा ओळखण्याच्या कसोट्या साध्या आहेत. काम खरे आहे का, कोणी पाहत नसताना ते तसेच होते का, त्यात दुसऱ्याचे भले आहे का, आणि ते करायला मिळाले याबद्दल मनात आभार आहेत का? या चारही प्रश्नांना होकार असेल, तर पंढरीची वारी एखाद्या वर्षी चुकली म्हणून काही बिघडत नाही.

तुझ्या रुग्णालयातल्या नव्या नोकरीत रात्रपाळ्या पुष्कळ येतील आणि देवदर्शनाला सवड कमी मिळेल. औषध वेळेवर दे, पाळी बदलताना नोंद खरी सांग, आणि स्वतःच्या जेवणाची व झोपेची हेळसांड करू नकोस.

तुझा,
मामा